असममित चौकट आणि पानावरची कात्री

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इमारतींचे अमूर्त फोटो आता आठवड्याच्या पुरवण्यांत नेमाने दिसू लागले आहेत, याचा मनापासून आनंद आहे. अख्खी इमारत न दाखवता भिंतीचा एक कोपरा, जिन्याचे वळण, गॅलऱ्यांची रांग किंवा पांढऱ्या भिंतीवर पडलेली सावली एवढ्यावरच उभे राहणारे हे फोटो. पण त्यांच्यासोबत छापल्या जाणाऱ्या मजकुरात आणि वाचकांच्या फोटोस्पर्धांच्या सूचनांत एक सल्ला वरचेवर वाचायला मिळतो. सममिती, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे, कंटाळवाणी असते, तेव्हा कॅमेरा जरा तिरका धरा, विषय मध्यावरून बाजूला सरकवा, झाला असममित फोटो! दुसरीकडे, खरोखर विचार करून असममित केलेला फोटो हाती आला की पानात बसवताना त्याची एखादी कड बिनदिक्कत कापली जाते. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच समज आहे, की असममित फोटोत थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते.

ते चालत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र. सममित फोटोत चूक झाली तर ती सापडते, कारण डावी बाजू उजवीशी ताडून पाहता येते. असममित फोटोत ताडून पाहायला दुसरी बाजूच नसते. तिथे मोजमापाला आधार असतो तो फक्त चौकटीच्या चार कडांचा आणि चार कोपऱ्यांचा. म्हणून या फोटोंना भूमिती जास्त काटेकोर लागते.

आधी तिरकेपणाचा हिशेब पाहू. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत कॅमेरा फक्त १ अंश कलला, तर डाव्या कडेपासून निघालेली आडवी रेषा उजव्या कडेला पोहोचेपर्यंत सुमारे १०५ पिक्सेल वर किंवा खाली सरकलेली असते. अर्ध्या अंशाला ५२ पिक्सेल. माणसांच्या घोळक्याच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण जिथे एक लांब छज्जा, एक सांधा आणि बाकी कोरी भिंत एवढेच आहे, तिथे छज्जा आणि चौकटीची वरची कड यांच्यामधली पट्टी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होते आणि नजर त्या पाचरीतच अडकून बसते. नंतर कॉम्प्युटरवर सरळ करू म्हणावे, तर त्याचीही किंमत आहे. ३:२ प्रमाणाचा फोटो २ अंश फिरवून तेच प्रमाण राखायचे, तर लांबी-रुंदीत प्रत्येकी सुमारे ५ टक्के, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ १० टक्के चित्र कापले जाते. असममित रचनेचा तोल बहुतेक वेळा कडेलगतच्या एखाद्या बारीक पट्टीवर असतो, आणि कापली जाते ती हीच पट्टी.

कॅमेरा तीन प्रकारे चुकतो. तो डावीकडे-उजवीकडे कलतो, वर-खाली झुकतो आणि भिंतीच्या संदर्भात आडवा वळतो. पहिल्या दोन चुका कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल, म्हणजे पातळी दाखवणारी स्क्रीनवरची खूण, दाखवते, तीही ढोबळपणे. खूण हिरवी झाली तरी पाव-अर्धा अंश राहून जाऊ शकतो. तिसरी चूक कोणतीच लेव्हल दाखवत नाही, कारण तिचा गुरुत्वाकर्षणाशी काही संबंध नाही. भिंतीसमोर आपण काटकोनात उभे आहोत असे वाटते, प्रत्यक्षात दोन-तीन अंश वळलेले असतो, आणि विटांचे आडवे थर एका बाजूला हळूच जवळ येऊ लागतात. उभ्या रेषा अगदी ताठ असल्यामुळे काय बिघडले आहे ते पटकन कळतही नाही.

यावर काचेच्या दर्शनी भागासमोर एक हमखास उपाय आहे. काचेत स्वतःच्या लेन्सचे प्रतिबिंब शोधायचे आणि ते चौकटीच्या अगदी मध्यबिंदूवर आणायचे. प्रतिबिंब मध्यावर आले की सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पाटी) काचेला दोन्ही दिशांनी समांतर झाला, कारण आरशात आपण आपल्याला लंबरेषेवरच दिसतो. मात्र एकाच तावदानावर विसंबू नये. दुहेरी काचेची तावदाने हवेच्या दाबाने आत-बाहेर फुगतात आणि प्रतिबिंब जागचे हलते, म्हणून शेजारच्या दोन-तीन तावदानांत ताडून पाहावे. शिफ्ट लेन्स असेल तर पुढे कॅमेरा न वळवता फक्त लेन्स सरकवून प्रतिबिंब चौकटीबाहेर काढता येते. ती नसेल तर थोडी रुंद चौकट घ्यायची आणि नंतर एका बाजूने कापायची. भूमितीच्या दृष्टीने दोन्ही एकच. भिंत अपारदर्शक असेल तेव्हा स्क्रीनवरचे ग्रिड सुरू करून वरचा एक आडवा सांधा आणि खालचा एक सांधा, असे दोन्ही ग्रिडच्या रेषांना जुळवावेत. एकच सांधा जुळवला तर कलणे दुरुस्त होते, वळणे तसेच राहते.

उंचीचा प्रश्न याहून सरळ आहे. पूर्ण फ्रेमच्या (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी, म्हणजे रुंद भाग टिपणारी, लेन्स आडवी आणि सपाट धरली, तर २० मीटरवरच्या भिंतीचा लेन्सच्या पातळीपासून १० मीटर वरपर्यंतचा भाग चौकटीत येतो. कॅमेरा उभा धरला तर १५ मीटर. आडव्याच कॅमेऱ्यात लेन्स १२ मिमी वर सरकवली तर २० मीटर, म्हणजे दुप्पट, आणि उभ्या रेषा जराही एकमेकींकडे झुकत नाहीत. ज्यांच्याकडे शिफ्ट लेन्स नाही त्यांनी कॅमेरा उभा आणि सपाट धरून खालची फरशी नंतर कापावी. वर झुकवून सॉफ्टवेअरने ओढून ताठ केलेल्या फोटोत वरचा भाग ताणला जातो, तिथला पोत पातळ होतो आणि कडांना दोन त्रिकोण वाया जातात.

मुद्दाम वर पाहून काढलेले फोटो अर्थातच वेगळे. तिथे उभ्या रेषांचे एकत्र धावणे हाच विषय असतो. पण झुकवायचे तर ठामपणे झुकवावे. तीन-चार अंशांचे झुकणे हात हलल्यासारखे दिसते. तीस-चाळीस अंशांपुढे ते हेतू म्हणून वाचले जाते, आणि रेषा ज्या बिंदूकडे धावतात तो बिंदू चौकटीत कुठे ठेवायचा हा खरा प्रश्न होतो. तो मध्यावर ठेवला तर पुन्हा सममितीच मिळते. वरच्या उजव्या कोपऱ्याबाहेर थोडासा ठेवला, तर डावीकडची भिंत लांब आणि उजवीकडची आखूड होते, आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये आकाशाचा एक तिरपा तुकडा तयार होतो. अमूर्त फोटोत हा तुकडा भिंतीइतकाच महत्त्वाचा आकार आहे. त्याला पार्श्वभूमी समजले की रचना हातातून सुटते.

आता अंतर. लांबच्या लेन्सने इमारत चपटी दिसते असे म्हणतात. ती चपटी होते ती आपण दूर गेल्यामुळे. लेन्स फक्त तेवढा भाग मोठा करून दाखवते. आकड्यांत पाहू. १८ मीटर रुंदीचा दर्शनी भाग २४ मिमी लेन्सने १२ मीटरवरून बसतो आणि १०० मिमी लेन्सने ५० मीटरवरून. दीड मीटर पुढे आलेली गॅलरी १२ मीटरवरून पाहताना मागच्या भिंतीच्या तुलनेत सुमारे १४ टक्के मोठी दिसते, ५० मीटरवरून फक्त ३ टक्के. म्हणून गॅलऱ्यांची रांग एखाद्या विणीसारखी सपाट हवी असेल तर मागे जावे, आणि गॅलरी अंगावर येणारा ठोकळा म्हणून हवी असेल तर पुढे. मोबाइलवाल्यांनाही हेच लागू. मुख्य लेन्स रुंद असते. दुप्पट-तिप्पट वाढवणारी लेन्स निवडून तितकेच मागे सरकले की भिंत आपोआप रेषांची आणि पट्ट्यांची होते.

अतिरुंद लेन्सबद्दल एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिच्यात कोपऱ्यातले गोल लांबुळके होतात अशी तक्रार असते. सेन्सरला समांतर भिंतीतली गोल खिडकी चौकटीच्या कोपऱ्यातही गोलच राहते. अंड्यासारखा होतो तो घुमट, गोळा, गोल खांब. म्हणजे ज्याला खोली आहे असा आकार. तेव्हा रुंद लेन्सने सपाट भूमिती बिनधास्त कोपऱ्यात न्यावी, घनाकार मात्र मध्याजवळ ठेवावेत.

रचनेकडे वळू. असममित तोल म्हणजे तरफेचा हिशेब. मध्याजवळचा मोठा, फिकट आकार आणि कडेजवळचा लहान, गडद आकार एकमेकांना पेलतात, कारण कडेजवळच्याला लांब बाहू मिळतो. समजा, चौकटीचा चार-पंचमांश भाग कोरी, फिकट भिंत आहे आणि वरच्या उजव्या बाजूला एकच काळी खिडकी. खिडकीच्या वरची फट आणि उजवीकडची फट सारखी ठेवली तर खिडकी कोपऱ्यात खिळून बसते, हलतच नाही. खिडकीची रुंदी १ धरून वरची फट अर्धी आणि उजवीकडची दीड ठेवून पाहावी. खिडकी लगेच वर चढल्यासारखी वाटते आणि खालची सगळी भिंत तिच्या वजनाने ताणली जाते. उजवीकडची फट अर्धी आणि वरची दीड केली की तीच खिडकी बाहेर निघालेली दिसते. कॅमेरा दोन-चार अंश वळवूनही हे बदल मिळतील, पण भिंतीच्या रेषा बिघडतील. म्हणून वळवू नये. आहे त्याच दिशेला तोंड ठेवून बाजूला सरकावे किंवा लेन्स सरकवावी.

सगळ्यात वाईट म्हणजे जवळजवळ सममिती. अक्ष, म्हणजे दोन बाजूंमधली रेषा, मध्यावर ठेवायचा तर पिक्सेलपर्यंत मध्यावर ठेवावा. हलवायचा तर चौकटीच्या रुंदीच्या निदान दहाव्या भागाइतका तरी हलवावा. मधले सगळे अंतर चुकल्यासारखे दिसते. ‘एक-तृतीयांश’चा नियम इथे फारसा उपयोगी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इमारतीला स्वतःचे माप असते: मजल्याची उंची, दोन खांबांमधले अंतर, विटेचा थर. चौकटीची विभागणी त्या मापातून आली पाहिजे. समोर पाच गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या पाच भागांचा, दर्शनी भाग असेल आणि तीन गाळे सावलीत, दोन उन्हात असतील, तर विभागणी आधीच ठरलेली आहे. आपण फक्त कडा गाळ्यांच्या सांध्यावर आणायच्या.

एकसारख्या खिडक्यांच्या रांगेत एखादीच उघडी असली की सगळे तिचा फोटो काढतात, आणि बरेच जण ती मध्यावर ठेवतात. लय तयार व्हायला निदान तीन सारखे घटक लागतात. तेव्हा डावीकडून तीन किंवा जास्त बंद खिडक्या येऊ द्याव्यात आणि मग ती उघडी खिडकी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडचा खंड शेवटासारखा वाटतो आणि डावीकडचा सुरुवातीसारखा. पाने लावताना काही वेळा फोटो आरशासारखा उलटवला जातो, म्हणजे तो मजकुराकडे ‘पाहतो’. असममित फोटोत ही उलटापालट म्हणजे वाक्य उलटे वाचण्यासारखे आहे. कृपया ते टाळावे.

कोपऱ्यांचाही हिशेब असतो. ३:२ चौकटीचा कर्ण ३३.७ अंशांचा असतो, चौरसाचा ४५, १६:९ चा सुमारे २९.४. बाजूने दिसणारा जिना, पायरीची उंची १५० मिमी आणि रुंदी ३०० मिमी असेल, तर २६.६ अंशांनी चढतो. म्हणजे ३:२ चौकटीत तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही. पुष्कळ जण कॅमेरा सात अंश कलवून तो जमवतात. मग पायऱ्यांच्या आडव्या रेषा आडव्या राहत नाहीत आणि जिना घसरतो. त्यापेक्षा एक टोक कोपऱ्यात नेमके बसवावे आणि दुसरे टोक कडेवर जिथे येईल तिथे येऊ द्यावे. कोपऱ्यातून जाणारी रेषा कोपऱ्यातूनच जावी किंवा स्पष्टपणे दूर जावी. चार-पाच पिक्सेलने हुकलेली रेषा अख्खा फोटो ढिला करते.

तसेच रेषांचे चिकटणे. पुढच्या कठड्याची कड मागच्या खिडकीच्या कडेला नेमकी टेकली की दोन्ही एकाच प्रतलात आल्यासारखी दिसतात आणि खोली नाहीशी होते. कधी तेच हवे असते, बहुधा नसते. इथे पावलांनी नव्हे, सेंटिमीटरने हलावे लागते. कठडा ५ मीटरवर आणि भिंत १५ मीटरवर असेल, तर कॅमेरा १० सेंमी सरकवला की कठडा भिंतीवर २० सेंमी सरकतो. ५० मिमी लेन्स आणि सहा हजार पिक्सेलच्या फोटोत हे सुमारे ११० पिक्सेल झाले. ट्रायपॉडचा खरा उपयोग इथे कळतो. हात स्थिर राहतो एवढ्यासाठी तो नसतो. चौकट एकदा थांबवून चारही कडा घड्याळाच्या दिशेने एकेक तपासता याव्यात, यासाठी तो असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायचे गिअर हेड असेल तर प्रत्येक अक्ष वेगळा फिरवता येतो. बॉल हेड सैल केले की तिन्ही अक्ष एकदम सुटतात आणि जुळलेले पुन्हा बिघडते. जुन्या, साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष फोटोच्या सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणून कडेला न दिसलेली पन्हळ किंवा वायर नंतर उगवते. अशा कॅमेऱ्यात मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावूनच कडा पाहाव्यात.

उजेड हा या फोटोंत आकार घडवतो, म्हणून त्याचीही भूमिती माहीत हवी. भिंतीपासून १० सेंमी पुढे आलेल्या पट्टीची सावली ऊन भिंतीशी ४५ अंश करत असताना १० सेंमी पडते, १५ अंशांना सुमारे ३७ सेंमी आणि ५ अंशांना तब्बल ११४ सेंमी. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हाच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात सावल्यांची लांबी अनेक पटींनी वाढते, आणि हवी ती विभागणी जेमतेम काही मिनिटे टिकते. त्यामुळे चौकट आधी लावून ठेवावी आणि सावली चौकटीत चालत येईपर्यंत थांबावे. सावली आल्यावर चौकट शोधायला गेलो की ती निघून गेलेली असते.

सावलीची धारही सगळीकडे सारखी नसते. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे आहे, म्हणून सावली टाकणारी कड भिंतीपासून जितकी दूर, त्याच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतकी सावलीची धार पुसट होते. एक मीटरवरच्या छज्ज्याची धार सुमारे ९ मिमी, तर १० मीटरवरच्या समोरच्या इमारतीची सुमारे ९ सेंमी. ऊन भिंतीवर तिरके पडत असेल तर त्याहून जास्त. खिडकीच्या काटेकोर चौकोनाशेजारी दूरच्या इमारतीची मऊ सावली आली की डोळ्याला ती वेगळ्या पदार्थाची वाटते. हा विरोध मुद्दाम वापरता येतो. पण दोन्ही धारदार हव्या असतील तर फोकस कितीही बदलला तरी उपयोग नाही, दोष उजेडाचा असतो.

एक्स्पोजर मोजताना कॅमेरा सरासरी करड्या छटेचा अंदाज बांधतो, म्हणून पांढरी भिंत चौकट भरून असेल तर फोटो मळका येतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे छटांचा आलेख, उजव्या कडेला टेकणार नाही एवढे पाहावे. उलट सावलीचा सपाट काळा आकार हवा असेल तर उन्हातल्या भागावरून मोजावे आणि सावलीला खुशाल काळे होऊ द्यावे. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/८ ते एफ/११ पुरेसे. २४ मिमीला एफ/८ वर साधारण २.४ मीटरवर फोकस केला तर १.२ मीटरपासून अनंतापर्यंत स्पष्ट राहते. १०० मिमीला हेच अंतर ४२ मीटर होते आणि २१ मीटरच्या अलीकडचे पुसट होऊ लागते. एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळ्याच धारा मऊ होतात. रुंद लेन्सवर पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावू नये. सूर्यापासून काटकोनातले आकाश गडद होते आणि बाकीचे नाही, त्यामुळे सपाट हवा असलेला आकाशाचा आकार मध्येच डागाळतो.

तिरक्या कॅमेऱ्याच्या समर्थनार्थ बहुधा रशियन छायाचित्रकार अलेक्सांद्र रोदचेन्को यांचे नाव घेतले जाते. १९२५ मध्ये मॉस्कोतल्या एका निवासी इमारतीच्या गॅलऱ्या त्यांनी अगदी खालून टिपल्या. ते फोटो नीट पाहावेत. त्यांत गॅलऱ्यांची चढती रांग चौकट कर्णासारखी कापते आणि उरलेल्या दोन भागांतले आकाश आणि भिंत वजनाने एकमेकांना तोलतात. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्या १९१५ च्या वॉल स्ट्रीटच्या फोटोत बँकेच्या भिंतीतले प्रचंड काळे आयत वरचा बहुतेक भाग व्यापतात आणि खाली लांब सावल्या टाकत चालणारी इवलीशी माणसे आहेत. तिथे कॅमेरा तिरका नाही, तरी असममिती इतकी जोरकस आहे की ती माणसे दबल्यासारखी वाटतात.

आणि कात्रीचेही उदाहरण आहे. छायाचित्रकार ल्युसियाँ एर्व्हे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या बांधकाम चालू असलेल्या गृहप्रकल्पाचे एका दिवसात ६५० फोटो काढले आणि त्यांना पाठवले. तिथून पुढे एर्व्हे ल कॉर्बुझिए यांचे छायाचित्रकार झाले आणि चंडीगडच्या इमारतीही त्यांनी टिपल्या. एर्व्हे आपले प्रिंट निर्दयपणे कापत, कधी एक अरुंद उभी पट्टीच उरे. तो काप हा रचनेचा शेवटचा टप्पा होता आणि तो फोटो काढणाऱ्याच्या नजरेने होई. पानातल्या जागेसाठी केलेला काप वेगळा. ३:२ चा फोटो १६:९ च्या जागेत बसवला की उंचीतला साडेपंधरा टक्के भाग जातो. चौरसात बसवला की रुंदीतला एक-तृतीयांश. ४:५ चा उभा फोटो १६:९ च्या आडव्या जागेत गेला तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के. कोपऱ्यात नेमकी बसवलेली रेषा त्यानंतर कोपऱ्यात उरत नाही, कडेचा काळा आकार जातो आणि मागे राहते ती मध्यावर आलेली, कशालाच न तोलणारी भिंत. वाचकाला तो फोटो रिकामा वाटतो, आणि त्याचे बरोबरच असते.

फोटो काढणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवरचा क्रमही लिहून ठेवतो, कारण तो चुकला की वरची सगळी मेहनत वाया जाते. आधी सॉफ्टवेअरमधले त्या लेन्सचे प्रोफाइल लावून लेन्समुळे रेषांना आलेला बाक काढावा. रुंद लेन्समध्ये कडेलगतची सरळ रेषा बाहेर फुगते, मध्यातून जाणारी फुगत नाही. मग फिरवणे, मग उभ्या-आडव्या रेषांची समांतरता, आणि शेवटी काप. बाक काढण्याआधी फिरवले तर वाकडी रेषा कुठल्या टोकाला सरळ करायची हेच कळत नाही. कृष्णधवल करताना लाल वीट आणि निळे आकाश एकाच करड्या छटेचे होऊ शकतात. निळा चॅनेल खाली आणला की आकाश गडद होऊन दोन आकार सुटे होतात. बारीक जाळ्या, लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या झडपा) यांवर लाटांसारखी नक्षी उमटली तर अंतर किंवा फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) किंचित बदलून पुन्हा घ्यावा, नंतर ती धड निघत नाही.

संपादक महोदय, विनंत्या थोड्या आहेत. असे फोटो त्यांच्या मूळ प्रमाणात छापावेत. जागा उरली तर कोरी सोडावी, ती पानाला शोभेल. काप अपरिहार्यच असेल तर छायाचित्रकाराकडून दुसऱ्या प्रमाणातली चौकट मागवावी, बहुतेकांकडे ती असते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात, तेव्हा सावलीतली दोन प्रतले वेगळी दिसणे गरजेचे असेल तर छपाईपूर्वी गडद भाग थोडा उचलावा, मात्र जो आकार काळाच हवा आहे तो उचलू नये. हे छायाचित्रकाराला एकदा विचारले तरी पुरे. स्पर्धांच्या नियमांत चौकटीचे प्रमाण खुले ठेवावे, कॅमेरा तिरका धरण्याचा सल्ला काढून टाकावा आणि परीक्षकांना प्रवेशिका चौरस लघुचित्रांत न दाखवता पूर्ण आकारात, कडा दिसतील अशा करड्या पार्श्वभूमीवर दाखवाव्यात. पांढऱ्या स्क्रीनवर पांढऱ्या भिंतीची कड कुठे संपते तेच दिसत नाही.

आपला,
एक वास्तुछायाचित्रकार